शालीतलं पीठ

माझ्याबद्दल तुम्ही पुष्कळ काही ऐकलं असेल. त्यातलं निम्मं खोटं आहे. पण त्या पिठाची जी गोष्ट लोक सांगतात ना, ती शब्दन् शब्द खरी आहे. दुसऱ्या कुणाकडून तिखटमीठ लावलेली ऐकण्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका. चहा मिळाला ना सगळ्यांना? मग सांगते. फजिती माझीच आहे, त्यामुळे हसायला हरकत नाही.

आधी एक कबूल करते. मला एका जागी बसता येत नाही. लहानपणापासून नाही. भाकरी तव्यावर टाकली की ती फुगायच्या आत मी तीनदा उलटवते. कुणी येणार असलं की वेशीपर्यंत चार खेपा. पाय थांबले तर हात चालू, हात थांबले तर तोंड. नगरच्या मिशनच्या बोर्डिंगात मी पोरकी म्हणून आले, तेव्हा तिथल्या मोठ्या मडमनी माझं नाव मार्था ठेवलं. बायबलातली मार्था माहीत आहे ना? पाहुणे घरात बसलेत आणि ही आपली चुलीपासून दारापर्यंत धावतेय, तीच. नाव ठेवण्याआधी मडमनी मला आठ दिवस नीट पाहिलं असणार.

लग्न झालं आणि मी मोगलाईत आले. नगरची हद्द ओलांडली की निजामाचं राज्य, नाणं वेगळं, कचेरीची भाषा वेगळी. आष्टीपासून तीन कोसांवर आमचं गाव, आणि गावाला लागून आमची ख्रिस्ती लोकांची वस्ती. तिथल्या शाळेचे मास्तर म्हणजे माझे यजमान. मी त्यांना मास्तरच म्हणायची, पाठीमागेही आणि समोरही. माणूस माझ्या अगदी उलट. लिंबाखाली बसले की सावली सरकेपर्यंत हलायचे नाहीत. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि घरात मूल नव्हतं. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं सगळा घोळ त्यावरूनच झाला.

त्या वर्षी मोठ्या मडमचं पत्र आलं. त्या आता थकल्या होत्या, कायमच्या अमेरिकेला परत चालल्या होत्या, आणि हिंदुस्थानातला शेवटचा नाताळ त्यांना आमच्या वस्तीत करायचा होता. पत्राच्या शेवटी लिहिलं होतं की बोटं आखडल्यामुळे दोन वर्षं डोनट करता आले नाहीत, त्याची तेवढी आठवण येते.

मी पत्र पूर्ण वाचायच्या आधीच उत्तर लिहायला घेतलं. ‘मडमसाहेब, तुम्ही फक्त या. डोनट मी करते.’

डोनट म्हणजे काय, हे तुम्हालाही सांगायला हवं. मधे भोक असलेला गोड वडा समजा. मैद्यात अंडं, लोणी, साखर घालायची, पीठ खमिरानं फुगवायचं, बांगडीसारखे गोल कापायचे, तळायचे आणि गरम असतानाच साखरेत लोळवायचे. बोर्डिंगात दर नाताळला मडम शंभरभर करायच्या आणि वर्षभर आम्ही त्या दिवसाची वाट पाहायचो. त्यात माझं काम फक्त साखरेत लोळवण्याचं. बाकी प्रत्येक कामाला थांबून राहावं लागतं, म्हणून मला तिथं कुणी उभं करायचं नाही. खमीर मडमच्या खोलीत दगडी बरणीत असायचं. ते कसं बनतं ते मी कधीच पाहिलं नव्हतं.

पण हे उत्तर पाठवताना आठवलं असतं तर मी मार्था कसली? उलट मी वस्तीभर घरोघर जाऊन सांगून आले की असा पदार्थ तुम्ही जन्मात खाल्ला नसेल.

मग सुरू झाले प्रयोग. पहिल्यांदा पीठ आंबट ताकात भिजवलं आणि चुलीजवळ झाकून ठेवलं. आता झाकलंय म्हटल्यावर ते तसंच ठेवायचं की नाही? मी दर दोन मिनिटांनी झाकण उघडून पाहायची. वर आलं का? नाही. आता? नाही. बोटानं दाबून पाहायची. मास्तर ओसरीवरून वह्या तपासत म्हणाले, तू असं करत राहिलीस तर ते घाबरून खालीच जाईल. तसंच झालं. तळून काढले तर असे दगड, की मास्तरांनी एक घेऊन दाराला अडणा म्हणून लावून पाहिला. दुसऱ्यांदाही तेच.

नाताळ परवावर आला. माझी झोप उडाली, जेवण उडालं. तेव्हा वस्तीतल्या कुणीतरी सुचवलं की आष्टीला बशीरचाचा नानबाई आहेत, भट्टीत नान लावतात, त्यांच्याकडे खमीर असणारच. दुसऱ्या दिवशी आष्टीचा बाजार होता. येशुदासदादांची बैलगाडी जाणार होती. मी मलमलीतून चाळलेलं दोन शेर पीठ, अंडी, साखर, लोणी, सगळं बांधून पहाटेच त्यांच्या अंगणात जाऊन बसले. बैल अजून उठलेही नव्हते.

येशुदासदादा म्हणजे आमच्या मंडळीचे पुढारी. धिप्पाड माणूस, आवाज असा की प्रार्थना वस्तीत केली तर आमेन शिवारातून यावं. तरुणपणी शिंदी पिऊन त्यांनी घरादाराची पार धूळधाण केली होती. मग सोडली ती कायमची. नुसती स्वतः सोडून थांबले नाहीत, सगळ्या वस्तीला बायबलावर हात ठेवायला लावून शपथ घातली होती की शिंदीचा थेंबही तोंडात घेणार नाही. त्या शपथेची यादी माझ्या हातची. अक्षर बरं म्हणून मलाच लिहायला लावली होती.

बशीरचाचा भला माणूस. पांढरी दाढी, हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले. मी काय हवं ते सांगितलं, तर हसले आणि म्हणाले की हे तर गुलगुलेच झाले, फक्त तुमच्या मडमला भोक पाडायची हौस. माझ्यासमोरच त्यांनी परातीत पीठ ओतलं, खमिराचा गोळा मोडून घातला, अंडी फोडली, आणि मग कोपऱ्यातल्या मडक्यातून वाटीभर पांढरट पाणी घेऊन त्यात ओतलं. आंबूस वास आला. मी विचारलं, हे काय?

“शिंदी, बेटी. सकाळचीच हाय, ताजी. त्येच्याबिगर खमीर उठंल कसं?”

ओतून झालं होतं. उद्या नाताळ होता. पीठ दुसरं नव्हतं. आणि खरं सांगू? चाचांच्या हाताखाली ते पीठ असं मऊसूत होत चाललं होतं, की माझ्या तोंडातून नाही म्हणायचा शब्दच निघेना.

त्यांनी गोळा ओल्या फडक्यात सैलसर बांधला आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, ऊब दे, गार वारा लागू देऊ नको, हिसका बसू देऊ नको, आणि मुख्य म्हणजे हात लावू नको, शामपर्यंत दुप्पट होईल. शेवटची अट ऐकून मला घामच फुटला. मी अंगावरची लोकरीची शाल काढली, गोळा तिच्यात गुंडाळला आणि छातीशी धरून गाडीत येऊन बसले.

परतीला गाडीत तिघंच. पुढं कासरा धरून येशुदासदादा, मागं मी, आणि माझ्यासमोर भागाआजी. भागाआजी गावातली सुईण. साठ वर्षं बाळंतपणं केलेली. गावातलं कुठलंही माणूस दिसलं की ते उलटं जन्मलं की सुलटं ते तिला आठवायचं. आता मात्र डोळ्यांना फार कमी दिसायचं तिला.

गाडी ओढ्याच्या उताराला लागली, दगडावरून चाक गेलं, आणि मी ओरडले, “दादा, हळू. हिसका बसतोय त्याला.”

भागाआजीनं मान वर केली. माझ्याकडे, म्हणजे माझ्या मांडीवरच्या शालीकडे पाहिलं.

“कुनाचं हाय गं?” तिनं विचारलं.

“आमचंच,” मी म्हटलं.

“कवाचं?”

मला वाटलं, मळलं कधी म्हणतेय. “आज सकाळचंच.”

“आगं बया.” तिनं दोन्ही हात गालाला लावले. “आन् हितं कुठं गावलं?”

“बशीरचाचांनी दिलं. फुकट दिलं, आजी, एक पै घेतली नाही.”

भागाआजी पुढं सरकली, शालीजवळ नाक आणलं, वास घेतला. वाटलं, आता ओळखणार. पण ती मागं सरून म्हणाली, दूध वकलं वाटतं, आंबूस वास येतोय, वावडिंग उगाळून दे. आणि मग विचारलं, “पोरगा हाय का पोरगी?”

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

आता तुम्ही म्हणाल, मार्थाबाई, तिथंच सांगून टाकायचं. बरोबर आहे तुमचं. पण येशुदासदादांनी कान टवकारले होते. बैल आपोआप हळू झाले होते. पीठ आहे म्हटलं असतं तर ते म्हणाले असते, बघू. बघायला दिलं असतं तर वास आला असता, आणि शिंदीचा वास त्या माणसानं तीस वर्षांनंतरही कोसभरावरून ओळखला असता. हे सगळं माझ्या मनात एका श्वासात धावून गेलं आणि तोंड मनाच्याही पुढं धावलं.

“मुलगा,” मी म्हटलं.

आणि आता वय झालंय म्हणून सांगते. तो शब्द तोंडात फार गोड लागला. इतका, की मी लगेच दुरुस्त केला नाही.

येशुदासदादांनी गाडी थांबवली. खाली उतरले. मुंडासं काढून जुवावर ठेवलं. ते मागं आले तेव्हा त्यांचे डोळे भरलेले होते. म्हणाले, मास्तरासाठी आणि तुझ्यासाठी सात वर्षं मागत होतो बाई. मग रस्त्याच्या मधोमध उभं राहून त्यांनी प्रार्थना सुरू केली. टाकून दिलेल्या लेकराला घर मिळालं म्हणून आभार, देणाऱ्या मुसलमान भावाला आशीर्वाद, आणि मग आशीर्वाद द्यायला त्यांनी आपला तो परातीएवढा पंजा शालीवर ठेवला.

मी डोळे मिटून बसले होते, पण एक किलकिला करून पंजाकडे पाहत होते. हवा जाईल, सगळी हवा जाईल, एवढंच मनात. प्रार्थना काही संपेना. हलता येईना. शालीखाली पीठ मात्र चाचांनी सांगितलं तसं आपल्या कामाला लागलेलं होतं. हळूहळू वर येत होतं. दादांचा हात त्याच्याबरोबर तिळातिळानं वर चालला होता.

“श्वास घेतोय,” दादा म्हणाले, आणि रडायलाच लागले.

सांगा बरं, आता कुठल्या तोंडानं सांगायचं?

वस्तीत गाडी शिरली तेव्हा मी उतरून घरात पळेपर्यंत दादांनी बातमी तीन घरांत दिली होती, आणि उरलेल्या घरांना भागाआजी पुरली. दादांनी त्याच पावली एका माणसाला आष्टीला पिटाळलं. मडमचा मुक्काम रात्री तिथल्या बंगल्यात होता. निरोप हा, की मास्तरांच्या घरी मुलगा आलाय, बाप्तिस्म्याची तयारी ठेवा.

मी दार लावून घेतलं. गोळा चुलीजवळ ठेवला. झाकला. उघडला. झाकला. बाहेर बायका जमायला लागल्या. एकीनं टोपडं आणलं होतं, एकीनं जुन्या लुगड्याची मऊ दुपटी, एकीनं खारीक-खोबरं. मी दार चार बोटं उघडून सांगत होते की झोपलाय, उद्या या. त्या म्हणत होत्या, लांबून बघतो, शिवत नाही. एक जण म्हणाली, रडल्याचा आवाज कसा नाही? मी म्हटलं, गरीब आहे फार. खोटं एकदा बोललं ना, की ते भिजवलेल्या पिठासारखंच, झाकून ठेवलं की दुप्पट होतं. दार लावून मी चुलीपाशी, चुलीपासून पुन्हा दारापाशी. घर एवढंसं, पण त्या तासाभरात मी कोसभर चालले असेन.

तेवढ्यात मागच्या दारानं मास्तर आले.

मास्तर प्रार्थनामंदिरात पताका लावत होते. तिथून घरापर्यंत त्यांना तिघांनी गाठून सांगितलं होतं. हा माणूस मी कधी धावताना पाहिला नव्हता. शाळेत साप निघाला तरी चालत बाहेर आलेला माणूस. तो धापा टाकत आत आला, एका पायात वहाण, दुसरी कुठंतरी वाटेत. हातात अजून कागदाची निळी पताका. मला काही विचारलं नाही. सरळ चुलीजवळ गेले, गुडघ्यावर बसले, हात धोतराला पुसले आणि शालीचा कोपरा अगदी हलकेच उचलला.

मी भिंतीला टेकून उभी. आयुष्यात पहिल्यांदा माझे पाय, हात आणि तोंड तिन्ही एकदम थांबले.

बराच वेळ ते पाहत राहिले. मग शालीचा कोपरा परत नीट झाकला.

“छान वर आलंय,” ते म्हणाले.

मी खाली बसले आणि त्यांना सगळं सांगितलं. शिंदी, भागाआजी, रस्त्यातली प्रार्थना. ते ऐकत होते. मधेच थोडं हसलेसुद्धा. मग पताकेची घडी घालत म्हणाले की वाटेत मी नावही ठरवून टाकलं होतं गं. कुठलं, ते त्यांनी सांगितलं नाही. आणि मी, जिला कुठलीही गोष्ट विचारल्याशिवाय राहवत नाही, मीही विचारलं नाही.

थोड्या वेळानं ते उठले. बाहेर जाऊन सांग, म्हणाले, जितका उशीर तितकं जड. मी हो म्हटलं. पण पीठ तेव्हा फडक्याच्या गाठीतून बाहेर येऊ लागलं होतं. ते दाबून मळलं नाही तर सगळं वाया जाणार होतं. मी म्हटलं, एवढं मळते आणि आलेच. मास्तर पुढच्या दारानं बायकांशी बोलायला गेले. खोटं त्यांना बोलता यायचं नाही, म्हणून ते नुसतेच जरा थांबा, जरा थांबा म्हणत राहिले.

मी गोळा शालीसकट पाटावर घेतला, बाह्या सारल्या आणि तळव्यांनी रगडायला सुरुवात केली. दिवसभर हात लावायचा नव्हता ना, आता लावायला मिळाला. सगळी तगमग त्या पिठावर काढली. आणि मागच्या दारात आवाज आला, “आगं आगं, अशी कावून रगडती? मारतीस का त्येला?”

भागाआजी. हातात कोमट तेलाची वाटी. ओवा टाकून कढवलेलं तिळाचं तेल, लेकराला माखायला. तिला पाटावर शाल आणि शालीत काहीतरी पांढरं, गोल, एवढंच दिसत होतं. मी तोंड उघडायच्या आत तिनं मला कोपरानं बाजूला सारलं, पदर खोचला, दोन्ही तळवे तेलात बुडवले आणि म्हणाली, ह्ये शिकून घे मास्तरीन, पाठीपासनं सुरू करायचं. आणि हात घातले.

साठ वर्षांचे सराईत हात. एकदा वरून खाली गेले, एकदा खालून वर. मग थांबले. बोटांनी इकडं चाचपलं, तिकडं चाचपलं. पुन्हा थांबले. भागाआजीनं माझ्याकडे मान वळवली. आवाज अगदी खाली आणून, दुःखाची बातमी सांगावी तशी म्हणाली,

“बाई, ह्या लेकराला हाडं न्हाईत.”

मला हसूही आलं आणि रडूही, दोन्ही एकदमच बाहेर पडलं. आवाज ऐकून बायका मास्तरांना ओलांडून आत आल्या. त्यांच्यामागं येशुदासदादा. पाटावर तेलानं चकचकणारा पिठाचा गोळा, आणि भागाआजी कोपरापर्यंत त्यात.

मग सांगितलं. पीठ आहे, डोनटचं, घाबरून खोटं बोलले. बायकांमधली एक फसकन हसली, दुसरीनं तिला चिमटा काढला. जिनं टोपडं आणलं होतं, ती ते तसंच कोनाड्यात ठेवून निघून गेली. येशुदासदादा मुंडासं हातात घेऊन उभे होते.

“बाई,” ते म्हणाले, “मी भर रस्त्यात देवाचे आभार मानलेत. ते आता परत कसे घ्यायचे?”

त्यांनीच मग ठरवलं. उद्या उपासनेनंतर सगळ्या मंडळीसमोर उभं राहून मी खोटं बोलल्याचं कबूल करायचं, की झालं. त्यांच्या बाजूनं विषय संपला. मोठ्या मनाचा माणूस.

सगळे गेले तरी भागाआजी हात धूत मागं रेंगाळली. माझ्याजवळ येऊन तिनं आपल्या बोटांचा वास घेतला आणि विचारलं, “शिंदी हाय न्हवं ह्यात?” माझा चेहरा बघून म्हणाली, “मी कशाला कुनाला सांगू?” आणि खरंच, तिनं शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. हे लक्षात ठेवा.

उरलेली संध्याकाळ मी मास्तरांच्या नजरेखाली काढली. पीठ लाटलं, तांब्याच्या तोंडानं गोल कापले, मधलं भोक दौतीच्या झाकणानं पाडलं. त्रेपन्न झाले. कापून झाल्यावर ते पुन्हा रात्रभर फुगू द्यायचे होते, तेव्हा मास्तरांनी ते डब्यांत मांडून फडताळात ठेवले आणि स्वतः फडताळाला टेकून झोपले. मला जवळ जाता येऊ नये म्हणून.

सकाळी तळायला घेतले आणि काय सांगू, पहिला डोनट करडईच्या तेलात सोडला तो टुणकन वर आला, उलटला, सोनेरी झाला. हुबेहूब मडमच्या हातचा. फक्त ओव्याचा वास येत होता, पण त्याला आता इलाज नव्हता.

टांगा आला. मडम उतरल्या, काठी टेकत, केस पांढरेशुभ्र. त्यांच्या हातात लोकरीची पांढरी लहानशी चादर होती. माझा चेहरा हातात घेऊन त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “मार्था, तुझा मुलगा कुठे आहे?”

त्यांना मी बाजूला घेऊन सांगितलं. त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतात. हसत होत्या. चादर मात्र त्यांनी माझ्याच खांद्यावर टाकली आणि थंडी आहे म्हणाल्या.

उपासना झाली. गाणी झाली. मग टोपली फिरली. काय शांतता पसरली म्हणून सांगू. सगळी वस्ती गप्प बसून खात होती. म्हातारी माणसं बोटं चाटत होती. मडमनी एक संपवला, दुसरा घेतला, म्हणाल्या, ओवा घालायचं मला कधी सुचलं नाही. येशुदासदादांनी पाच खाल्ले आणि दोन्ही हातांत एकेक घेऊन बसले होते. दारात गावातल्या चार जणांबरोबर भागाआजी आली होती, तिलाही दोन मिळाले. टोपली फिरून परत आली आणि दादांनी मला खूण केली.

मी उभी राहिले. सांगितलं की पिठाला मुलगा म्हटलं, सगळ्यांना फसवलं, देवाच्या सेवकाला रस्त्यात प्रार्थना करायला लावली, मला क्षमा करा. लोक खात खातच माना डोलवत होते. कुणीतरी क्षमा आहे, क्षमा आहे म्हणालं. मडमच्या डोळ्यांत माया होती. दादा सातवा डोनट चावत मोठ्यानं आमेन म्हणाले.

झालं होतं. संपलं होतं. कुठल्याही शहाण्या बाईनं तिथं थांबायचं.

पण मला थांबता येतं का? सगळे इतक्या चांगुलपणानं पाहत होते, की मनात शेवटचं जे टोचत होतं तेही भरभर बाहेर आलं. मी म्हटलं, आणि अजून एक सांगायचंय, त्या पिठात शिंदी आहे.

सगळी तोंडं एकदम थांबली. दारात भागाआजीनं कपाळाला हात लावला. दादांचा गाल फुगलेला तसाच राहिला, आत घास, गिळता येईना आणि थुंकता येईना. समोर भिंतीवर माझ्याच अक्षरातली शपथेची यादी, आणि तिच्यातलं एकूणएक नाव तोंडात डोनट घेऊन बसलेलं.

मी सावरायला गेले. म्हटलं, फार नाही, वाटीभरच. म्हटलं, ताजी होती, सकाळची, चढलेली नव्हती. म्हटलं, तळताना सगळी उडून जाते, मी स्वतः सकाळी चार खाल्ले, बघा, मला काही झालंय का? म्हणून मी दोन पावलं चालूनही दाखवली, आणि पताकेच्या दोरीत पाय अडकून झोकांडी गेले.

मास्तरांनी डोळे मिटून घेतले. मडमनी हातातला अर्धा डोनट शेजारी बाकावर रुमाल पसरून त्यावर ठेवला, चष्मा काढला आणि बोर्डिंगात म्हणायच्या त्याच आवाजात म्हणाल्या,

“मार्था. खाली बस.”

या बाईचं मी कधी टाळलं नव्हतं. मी तशीच मागं सरकले आणि पटकन, एका दमात, बाकावर बसले. आणि बुडाखाली काहीतरी मऊ, कोमट लागलं. मडमचा अर्धा डोनट, रुमालासकट.